डागघरातलं गोड पाणी

शिवणाच्या कारखान्यात कपड्यावर डाग पडला, की तो कुणाचाच नसतो. शिवणारी म्हणते, कापणाऱ्याकडून आला. कापणारा म्हणतो, इस्त्रीवाल्याने पाडला. इस्त्रीवाला शपथेवर सांगतो, माझ्याकडे आला तेव्हा होताच. असे सगळे पोरके डाग शेवटी डागघरात यायचे. डागघर ही कारखान्याच्या अगदी टोकाची खोली. जाळीच्या पत्र्याची दोन टेबलं, आतली हवा बाहेर फेकायची सोडून आतल्या आत ढवळत बसणारा एक पंखा, आणि एक खिडकी. तिच्यासमोर कुणीतरी कधीतरी खोक्यांची थप्पी लावली होती आणि ती हलवायचं पुढे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. या खोलीत अकरा वर्षं थोरलीचं राज्य होतं.

घरी दोन जावा, त्यांतली ही मोठी, म्हणून थोरली. कारखान्यात तिला डागमावशी म्हणत. तेलाचा, शाईचा, गंजाचा, चहाचा, कसलाही डाग असो, थोरली कपडा उजेडाकडे धरायची, नाकाशी न्यायची आणि डागाची कुंडली मांडायची. "मशीनचं तेल आहे. वरून कुणीतरी ओलं बोट फिरवून शहाणपणा केलाय." मग साबणाचा चुरा, थंड पाणी, खाली जुन्या मांजरपाटाची घडी आणि कडेकडून मध्याकडे सरकत जाणारं तिचं बोट. रक्ताचा डाग आला, तर ती कपडा घेऊन थेट शिवणाच्या रांगेत जायची, कुणाच्या बोटात सुई घुसली ते शोधून काढायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "थुंक." ज्याचं रक्त त्याचीच थुंकी, दुसऱ्याची चालत नाही, हे तिचं शास्त्र. पोरी लाजायच्या, हसायच्या आणि थुंकायच्या. डाग जायचा.

डाग काय, कुणीही काढतं. अवघड असतं ते कडं न ठेवणं. डाग निघून जातो आणि त्याच्या जागी पाण्याचं फिकं वर्तुळ उरतं, त्याला डागघरात कडं म्हणत. कडं राहिलं की माल परत. थोरलीच्या कपड्याला अकरा वर्षांत कडं राहिलं नव्हतं. "मावशीचा हात आहे," असं लोक म्हणायचे, आणि हे तीन शब्द थोरली घरी येऊन तिघांना तीनदा सांगायची.

धाकटीला डागघरात आणलं तेही तिनेच. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस माणसाला असतेच, थोरलीला जरा जास्त होती. हाताखाली कुणीतरी हवं, असं तिने वर सांगितलं. खरं कारण निराळं होतं. घरच्यांचे कान किटले होते, आणि आपलं कसब डोळ्यांनी बघणारं घरातलं एक तरी माणूस असावं, असं तिला फार वाटायचं. धाकटी तिच्याहून सोळा वर्षांनी लहान. लग्नाला नऊ वर्षं झालेली, नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी, मूलबाळ नाही, स्वभावाने मऊ. "ताई, कसं जमतं हो तुम्हाला?" असं ती विचारायची, आणि थोरली म्हणायची, "ते शिकवून येत नाही." सहा महिने हे छान चाललं होतं.

मग आटपाराव कॅन घेऊन आला.

आटपाराव म्हणजे सुपरवायझर. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. दिवसातून शंभरदा "आटपा, आटपा" म्हणतो म्हणून आटपाराव. फिक्या रंगाच्या ब्लाउजची मोठी ऑर्डर आली होती. फिक्या कपड्यावर माशी बसली तरी दिसते. डागघरात ढीग वाढत चालला होता.

"मावशी, हे नवीन औषध. पिचकारीच्या बाटलीत भरा, फुस्स करा, डाग गायब. कडंबिडं काही राहत नाही. आटपा."

थोरलीने झाकण उघडून वास घेतला. पिकून उतरलेल्या फळांची पेटी उघडावी तसा गोडसर वास आला आणि नाकातून थेट कपाळात गेला. कॅनवर लेबल होतं तिथे नुसता खरवडलेला कागद होता.

"याचं लेबल कुठंय?"

"लेबल काय करायचंय? डाग काढायचाय ना?"

थोरलीने झाकण लावलं. "माझ्या हाताला असल्या कुबड्या लागत नाहीत. द्या त्या धाकटीला. तिला गरज आहे."

तिसऱ्या दिवशी धाकटीची टोपली जेवणाच्या सुट्टीआधीच रिकामी झाली. थोरलीची अर्धी भरलेली होती. चौथ्या दिवशी धाकटीने थोरलीच्या टोपलीतले वीस ब्लाउज आपल्याकडे ओढले. "असू दे ताई, मी करते, माझं झालंय," असं ती चांगल्या मनाने म्हणाली, आणि चांगल्या मनाने बोललेलं जितकं झोंबतं तितकं वाईट मनाने बोललेलंही झोंबत नाही. पाचव्या दिवशी आटपाराव दारात उभा राहून म्हणाला, "धाकट्या वहिनींचा हात बघा! वा!"

हात! बाटलीतलं पाणी उडवायचं, याला हात म्हणायचं? थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायची सोय नव्हती. बाटली आधी तिलाच देऊ केली होती आणि तिनेच नाक मुरडलं होतं. आता मागायची म्हणजे थुंकलेलं चाटायचं. ती साबणाचा चुरा घासत राहिली आणि शेजारच्या टेबलावरचं फुस्स फुस्स ऐकत राहिली. धाकटीने त्या औषधाचं नाव गोड पाणी ठेवलं होतं. पुढे सगळा कारखाना तेच म्हणायला लागला.

आणि धाकटी गुणगुणायला लागली. हे सगळ्यात वाईट. नऊ वर्षं जिचा आवाज भांड्यांच्या आवाजात ऐकू यायचा नाही, ती आता काम करताना गुणगुणायची, मध्येच आपल्याआपण हसायची, दुपारपर्यंत तिचे गाल लाल व्हायचे. घरी जाताना तिचा तोल जायचा आणि ती थोरलीच्या दंडाला धरून म्हणायची, "ताई, कसं हलकं हलकं वाटतंय." थोरलीला वाटायचं, हा माज आहे. माज दुसऱ्याला चढला की लगेच ओळखू येतो.

तिला मत्सर वाटत होता का? विचारलं असतं, तर तिने तुम्हाला फाडून खाल्लं असतं. तिच्या मते ती फक्त कामाच्या पद्धतीबद्दल बोलत होती. पद्धतीबद्दल ती दिवसा बोलायची, जेवताना बोलायची, आणि तिचा नवरा, जो त्याच कारखान्यात बॉयलर सांभाळायचा, ताटातून मान वर न करता म्हणायचा, "अगं, तूही घे ना मग ते पाणी." यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग एका सकाळी धाकटीला मोरीत उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. तिच्या तोंडाची चव गेली, डोकं गरगरायला लागलं, पाळी चुकली. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, पण उलटीचा आवाज त्या तीन खोल्यांपलीकडून ओळखत. त्यांनी धाकटीला पलंगावर बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंडभरून हसत म्हणाल्या, "गोड बातमी आहे हो!"

"अजून नक्की नाही, आई," धाकटी म्हणाली. याआधी दोनदा ती अशीच तोंडघशी पडली होती, म्हणून तपासणीला जायला घाबरत होती. तीन महिने होऊ देत, मग बघू, असं तिने ठरवलं. पण तिचे डोळे मात्र नक्की होते.

त्या दिवसापासून घराची उलथापालथ झाली. हाताची खुर्ची धाकटीला. पंख्याचं तोंड धाकटीकडे. दुधाचा पहिला पेला धाकटीला, आणि पाण्याची बादली उचलायची थोरलीने. थोरलीने दोन मुली वाढवल्या, दोघींची लग्नं होऊन त्या आपापल्या घरी गेल्या. दोन्ही वेळा ती नवव्या महिन्यापर्यंत बादल्या उचलत होती. सासूबाईंनी तेव्हा पाण्याचा पेला हातात दिल्याचं तिला आठवत नव्हतं. आठवावं म्हणून तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, तरी आठवेना.

तिच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. डॉक्टरकडे जाण्यासारखं नव्हे. शेजाऱ्याच्या दारात नवीन गाडी उभी राहिली की दुखतं, ते. बाटलीही धाकटीची, कौतुकही धाकटीचं, खुर्चीही धाकटीची आणि आता मूलही. एका माणसाने किती घ्यावं?

थोरलीने दोन दिवस विचार केला आणि आटपारावला गाठलं.

"साहेब, घरात आनंदाची गोष्ट आहे. धाकटीला दिवसभर उभं राहणं बरं नाही. तिला तिकडे मोठ्या खिडकीपाशी बसवा, लेबलं लावायला."

"आणि डाग कोण काढणार? ऑर्डर अर्धीच झालीय."

"मी आहे ना."

आटपाराव हसला. "तुम्हाला ते औषध नको होतं ना, मावशी?"

"नकोच आहे. पण घरच्यांसाठी करावं लागतं माणसाला."

संध्याकाळपर्यंत कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच, जाऊ असावी तर अशी. धाकटीने तर तिचे दोन्ही हात धरले. "ताई, सख्ख्या बहिणीने केलं नसतं माझ्यासाठी," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. थोरली "असू दे, असू दे" म्हणाली आणि हात सोडवून घेतले. टेबलावरची बाटली अर्धी होती, ती भरून घ्यायची होती.

पहिला दिवस काय वर्णावा! तेलाचा हिरवट डाग, ज्याला तिचं बोट अर्धा तास झिजायचं, तो फुस्स होताच विरघळला, वाऱ्यावर गेला, आणि खाली कपडा असा, जसा काही ठाण कापून आत्ता आणला. कडं नाही. काही नाही. दुपारी टोपली रिकामी. तिने दुसरी मागवली, तीही रिकामी केली. आटपाराव येऊन बघून गेला आणि जाताना आटपा म्हणायचंही विसरला. थोरलीचं डोकं हलकं झालं होतं. गुडघे दुखायचे ते दुखेनात. दुसऱ्या टेबलावर आता इस्त्रीची खोकी ठेवली होती, ती तिच्याकडे कौतुकाने बघताहेत असं तिला वाटायला लागलं.

"मावशी, आज गाणं?" दारातून जाणारी एक शिवणारी म्हणाली.

"मी? छे." पण ती गातच होती.

दोन आठवडे असे गेले. हातांची कातडी पांढरी पडली, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. भाजीला मीठ लावताना ती ओरडायची. जेवण पत्र्यासारखं लागायला लागलं. मीठ कमी पडलं म्हणून तिने धाकटीला दोनदा सुनावलं, आणि बाकी सगळे मुकाट्याने जेवत होते. कपाळात सारखं कुणीतरी टिचकी मारत राहायचं. तिने म्हटलं, वय झालं.

तिसऱ्या सोमवारी सकाळी थोरली दात घासायला गेली आणि मोरीतच वाकली. पोटात होतं नव्हतं ते बाहेर आलं. मागे वळून बघते, तर सासूबाई दाराशी उभ्या. त्यांनी तिला वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं.

"थोरले," त्या म्हणाल्या, "या वयात?"

आत तिच्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला. धाकटी हसत बाहेर आली, मोरी धुवायला पाणी घेऊन. तिचा चेहरा टवटवीत होता. तिने रात्रीचं उरलेलं सगळं सकाळीच खाल्लं होतं. गेल्या दहा-बारा दिवसांत तिला एकदाही उलटी झाली नव्हती, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, हे असंच असतं, तिसऱ्या महिन्यात थांबतं.

थोरली मोरीची कड धरून उभी राहिली. ती डागघरात अकरा वर्षं कशाचा डाग कशाने पडला हेच शोधत होती, आणि हे कोडं सोडवायला तिला चूळ भरायलाही वेळ लागला नाही. हलकं डोकं, तेच. गुणगुणणं, तेच. तोंडाला चव नाही, तेच. उलटी, तीच. बाटली धाकटीकडे होती तेव्हा धाकटीला, आता तिच्याकडे आहे तर तिला. चुकलेली पाळी तेवढी तिने गेल्या आठवड्यात वयाच्या खात्यावर टाकली होती, तीही आता तिथून उठून आली. म्हणजे मूल नाहीच. धाकटीला मूल होणार नाहीये!

थोरलीला पहिल्यांदा जे वाटलं ते आनंदासारखं होतं. आनंदासारखं कशाला, आनंदच होता. खुर्ची गेली, पंखा गेला, दुधाचा पेला गेला. मग धाकटीने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, "ताई, बसा जरा, मी करते सगळं," म्हणाली, आणि त्या आनंदाचीही चव गेली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की बाटली जाणार. आणि बाटली गेली की ती पुन्हा साबण घासणारी म्हातारी होणार, टोपली अर्धी भरलेली, आणि सगळे म्हणणार, म्हणजे मावशीचा हात नव्हताच, पाणी होतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या ती कामावर गेली आणि बाटली भरून घेतली. डोकं दुखतच होतं, पण पहिल्या फुसकाऱ्यानंतर थांबायचं.

शनिवारी कारखाना अर्धाच दिवस, दुपारी घरी आल्यावर धाकटीने तिला मोरीत बोलावून कडी लावली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, गेलं."

"काय गेलं?"

"फार जातंय. सकाळपासून." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून रडायला लागली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "मी काय केलं हो? तुम्ही तर मला बसून काम मिळवून दिलंत. मी जड उचललं नाही, काही नाही. माझ्याच अंगात काहीतरी वाईट आहे."

थोरलीचं तोंड उघडलं. "अगं," ती म्हणाली. पुढचं वाक्य तयार होतं. "अगं, उठ, चहा घे जरा," एवढंच बाहेर आलं.

सासूबाईंना संध्याकाळी कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. हाताची खुर्ची उचलून परत आपल्या पलंगाजवळ नेली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "करंटीच्या ओटीत टिकत नाही काही." धाकटीने ते ऐकलं आणि मुकाट्याने बादली उचलली. थोरलीला जे हवं होतं ते सगळं बोट न हलवता मिळालं होतं. त्या रविवारी तिला घास गिळवेना. तिने त्याचं खापर पाण्यावर फोडलं.

मंगळवारी माल घेणाऱ्यांकडून तपासणीला एक बाई यायच्या होत्या. सकाळपासून आटपारावची धावपळ चालली होती. डागघराच्या खिडकीसमोरची खोकी हलली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खिडकी उघडली. कॅन आणि बाटली फडक्यांच्या कपाटात गेली. टेबलावर साबणाची नवी कोरी वडी आणि पाण्याची वाटी मांडली.

"मावशी, काय विचारलं तर साबण आणि पाणी. बस्स. आटपा."

तपासणीच्या बाई ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तयार ब्लाउजांतला एक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बाहीवरून बोट फिरवलं.

"इथे तेलाचा डाग होता असं तुमच्या कागदावर आहे. दिसत नाही. कशाने काढला?"

"साबणाने," थोरली म्हणाली. "आणि हाताने."

"कडंसुद्धा राहिलेलं नाही. काय हात आहे हो तुमचा!"

एवढ्या माणसांत, बाहेरच्या बाईच्या तोंडून! थोरलीने मान खाली घातली, पण छाती वर आली. खोटं होतं हे तिला ठाऊक होतं. तरी ते तिने गिळलं, आणि गोड लागलं.

पण आटपारावला गप्प राहणं कुठे माहीत? तपासणी चांगली चालली आहे असं बघून त्याला चेव आला. "मॅडम, हे तर काहीच नाही. यांची धाकटी जाऊ बघा, ती तिकडे, लेबलं लावतेय ती. तिचा हात यांच्याही पुढे! यांचे दहा निघतात तेवढ्यात ती पंधरा काढायची."

"हो का? बोलवा त्यांना. मला बघायचंय."

धाकटी आली. डोळे सुजलेले, अंगात त्राण नाही, एक हात अजून पोटावर. तिच्यासमोर तेलाचा डाग पडलेला ब्लाउज ठेवला, साबण ठेवला. ती साबणाकडे बघत राहिली. मग टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं जिथे बाटली असायची.

आता खरं सांगायचं तर थोरलीला त्या क्षणी धाकटीची दया आली नव्हती. तिच्या कानात फक्त "यांच्याही पुढे" एवढंच वाजत होतं. अकरा वर्षं! रक्ताचे, गंजाचे, शाईचे डाग!

"तिचा कसला डोंबलाचा हात!" ती ओरडली. "साबणाने तिला साधा चहाचा डाग जात नाही. ती सगळी करामत गोड पाण्याची आहे!"

शिवणाच्या चार मशिनी थांबल्या.

"कसलं गोड पाणी?" बाईंनी विचारलं.

"पिण्याचं, मॅडम, पिण्याचं," आटपाराव घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडे पाण्याला गोडी आहे. त्यानेच डाग छान निघतात. हो ना मावशी?"

सगळे तिच्याकडे बघत होते. त्याने तिला दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती, की हात तिचा राहणार, बाटली तिची राहणार, बाई वहीत टिपून निघून जाणार. थोरलीने धाकटीकडे बघितलं. ओरडा ऐकूनही धाकटी साबण ओला करत होती. तिला वाटलं असावं, आपलं काहीतरी चुकलं, आणि ते आता धुवून काढायला हवं.

थोरली कपाटाशी गेली. फडकी बाजूला फेकली, कॅन दोन्ही हातांनी उचलून आणला आणि टेबलावर आटपारावसमोर ठेवला.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "एक पेला पिऊन दाखवा."

आटपाराव एक पाऊल मागे सरकला. बाईंनी झाकण सैल करून दुरूनच हवा नाकाकडे वळवली आणि झाकण लगेच घट्ट केलं. हे औषध कपड्यांच्या कामात वापरायला आम्ही बंदी केली आहे, असं त्या म्हणाल्या. त्याचं नाव सांगितलं, ते कुणालाच धड ऐकू आलं नाही. मग त्यांनी वही उघडली आणि उभ्याउभ्याच थोरलीला विचारायला सुरुवात केली.

"डोकं हलकं होतं?"

"हो."

"चक्कर, मळमळ?"

"हो."

"उलट्या?"

"होतात. सकाळी."

"पाळी चुकली?"

"चुकली."

धाकटीच्या हातातून साबण सुटून वाटीत पडला. ती थोरलीकडे बघत होती.

डागघराला कुलूप लागलं. आटपाराव दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. बाईंच्या सांगण्यावरून दोघी जावांना दवाखान्यात रक्त तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. यकृतावर सूज आहे, दोघींच्याही, थोरलीला जरा जास्त, म्हणाले. त्या औषधापासून लांब राहिलात तर उतरेल. धाकटीला त्यांनी बरंच विचारलं, तारखा विचारल्या, तपासलं आणि दिवस राहिलेच नव्हते, ती लांबलेली पाळीच होती, असं सांगितलं.

मग दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या, कोपराच्या लवणीत कापूस दाबून. समोर एक माणूस फरशी पुसत होता. त्याच्या बादलीचा वास येताच दोघींनी एकदमच नाकाला पदर लावला.

"म्हणजे नव्हतंच काही," धाकटी म्हणाली.

"नव्हतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला थोरलीला कधी अडचण पडली नव्हती, पण आज जमलं नाही. "मला उलटी झाली त्या सकाळी."

धाकटीने मनाशी हिशोब केला. "म्हणजे मी मोरीत रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि कळलं तेव्हा काय वाटलं?"

फरशी पुसणारा बादली घेऊन पुढच्या खोलीत गेला. थोरली कापसाकडे बघत होती. "बरं वाटलं," ती म्हणाली. "आधी बरंच वाटलं. मग नाही वाटलं."

धाकटी आता उठून जाईल, निदान चार शब्द सुनावेल, असं थोरलीला वाटलं. दोन्हीची तिने तयारी केली. धाकटी तशीच बसून राहिली, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता.

"पोटाचं मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण त्या पाण्याने डोकं फिरतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. खिडकीपाशी गेल्यावर चार दिवसांत माझं डोकं थांबलं, तेव्हा तर खात्रीच झाली. तुम्हाला सांगायला म्हणून मी उठलेसुद्धा होते."

"मग?"

"दारापर्यंत आले. तुम्ही गात होतात." धाकटीने कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. "म्हटलं, घेऊ दे हिलाही थोडं."

नऊ वर्षांत धाकटीने तिचा एकेरी उल्लेख केल्याची ही पहिलीच वेळ होती. थोरलीच्या ते लक्षात आलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती फक्त बाकावर थोडी सरकली, कारण धाकटी कडेला अर्धीच टेकली होती.